समासातलं बोलणं

बाइंडरचं दुकान म्हणजे गल्लीच्या टोकाची लांबट खोली. आत शिरलं की उजव्या हाताला कापायचं मशीन, मग दाब द्यायचा लोखंडी प्रेस, मग खळीचं पातेलं, आणि अगदी आत शिलाईच्या चौकटीपुढे बसलेली त्याची बायको. तीस वर्षांत या रांगेत फरक पडला नव्हता. दोन वर्षांपूर्वी फक्त मशीनच्या डोक्यावर एक दांडा बसला आणि त्या दांड्याला फोन लटकायला लागला.

खोड लावली शेजारच्या चष्मेवाल्यानं. त्याच्याकडे गिऱ्हाईक नसलं की तो इथं येऊन स्टुलावर बसायचा आणि जगाचा कारभार चालवायचा. एक दिवस बसल्या बसल्या त्यानं कटिंगचा व्हिडिओ काढला. जाडजूड रजिस्टर, वरून उतरणारं पातं, खस्सकन आवाज, आणि खाली पडलेल्या कातरणाचा झुबका. अर्ध्या मिनिटाचासुद्धा नव्हता. चार दिवसांनी तो धावतच आला. "अहो, चाळीस हजार लोकांनी बघितलं तुमचं कटिंग!"

"चाळीस हजार माणसांना दुसरे धंदे नाहीत का?" बाइंडर म्हणाला, पण फोन हातात घेतला आणि लोकांनी खाली लिहिलेलं सगळं वाचून काढलं. काय हात आहे! बघून डोकं शांत झालं. रोज टाका ना. आता बघा, बाइंडिंग हे असलं काम, की चांगलं झालं तर कुणाच्या ध्यानात येत नाही, उसवलं तर सगळ्यांच्या येतं. वकील यायचे, पुस्तकं टेबलावर आपटायचे, "कधी मिळतील?" एवढं विचारून निघून जायचे. तीस वर्षांत त्याच्या हातांकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्याला बरं वाटलं. फार बरं वाटलं. त्यात वाईट काय? तुम्हाआम्हालाही वाटलंच असतं.

वाईट झालं ते पुढं. आधी आठवड्याला एक व्हिडिओ, मग दिवसाला एक. आधी काम व्हायचं आणि त्याचा व्हिडिओ निघायचा. मग व्हिडिओ निघेल असं काम आधी व्हायला लागलं. शिलाई लोक बघत नाहीत, खळ लावताना तर अजिबात थांबत नाहीत. लोकांना हवं कटिंग. मग ज्या रजिस्टरांना कटिंगची गरज नव्हती त्यांच्याही कडा तो उगाच तासायला लागला. आणि दर पाच मिनिटांनी खळीचा हात पँटला पुसून फोन. किती झाले? पन्नास. आता? अठ्ठावन्न. काल यावेळी किती होते? मांडीवर पुसल्याचे पांढरे पट्टे वाळून कडक व्हायचे, ते बायको रोज धुवायची.

त्याला कळत नव्हतं असं नाही. खुळा नव्हता तो. पहिल्यांदा त्यानं शपथ घेतली, जेवणापर्यंत फोनला हात लावायचा नाही. शपथ साडेदहापर्यंत टिकली. मग फोन बायकोच्या ताब्यात दिला. तर दिवसातून दहा वेळा "अगं, गिऱ्हाइकाचा फोन येणार होता" सुरू झालं. शेवटी एक दिवस त्यानं फोन फडक्यात गुंडाळला, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून प्रेसमध्ये ठेवला आणि स्क्रू आवळला. म्हणजे बघायचाच झाला तर वीस वेढे उलटे फिरवावे लागतील, तेवढ्यात अक्कल ठिकाणावर येईल. बारा वेढे झाले आणि आतून कट्ट असा आवाज आला.

"पुस्तकं संपली वाटतं," बायको सुईत दोरा ओवत म्हणाली. "आता फोनची बाइंडिंग करताय?"

काच तडकली होती. ती बदलून आणेपर्यंतची दीड दिवसाची त्याची तगमग बघून बायकोचं हसू मावळलं. माणूस घरभर नुसता येरझाऱ्या घालत होता.

त्याच सुमाराला आई आजारी पडली. घशाचं ऑपरेशन झालं आणि आईचा आवाज गेला, तो गेलाच. थोरली बहीण, म्हणजे ताई, शिवणकारखान्यात तयार कपडे तपासायच्या कामावर होती. तिनं बिनपगारी रजा टाकली आणि तीन महिने हॉस्पिटलात आईच्या उशाशी काढले. आईला तिनं साध्या आखीव वह्या आणून दिल्या. पाणी. खिडकी लाव. त्या नर्सचं लग्न ठरलं का विचार. आईच्या वाट्याचं सगळं बोलणं त्या वह्यांत झालं. भेटायला येणारी माणसं उजव्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं वाचायची आणि मान डोलवायची. पण माणसं जेवायला गेली की आई डाव्या पानाच्या समासात, अगदी कडेला, बारीक अक्षरात ताईपुरतं लिहायची. ते ताईनं कधी कुणाला दाखवलं नाही.

बाइंडर यायचा. रोज नाही, पण यायचा. खुर्ची ओढून तासभर बसायचा.

आई गेल्यावर सात-आठ महिन्यांनी ताई तीन वह्या घेऊन दुकानात आली. पिना गंजून पानं सुटायला लागली होती. "धाकट्या, या तिघींची मिळून एक कर. चांगली शिव, माझ्या पश्चातही टिकेल अशी," ती म्हणाली. "आणि कडेला हात लावायचा नाही. कडेचं माझं आहे."

"ताई, मला शिकवतेस होय?" तो म्हणाला. "हाताच्या लिखाणाला पातं लावायचं नसतं. वस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं आहे."

"म्हणून तर तुझ्याकडे आणल्या," ताई म्हणाली, आणि भावजयीशी दोन शब्द बोलून गेली.

आता हे इथंच थांबलं असतं तर सांगायचं काही कारण नव्हतं. पण ते दिवस बाइंडरचे वाईट चालले होते. आकडे उतरत होते. जिथं चाळीस हजार व्हायचे तिथं दोन हजारांवर गाडी अडायला लागली होती. त्याला जेवण जात नव्हतं. चष्मेवाल्याला तो रोज विचारायचा, चुकतंय कुठं? चष्मेवाल्यानं स्टुलावर बसून विचार केला आणि टेबलावरच्या वह्यांकडे बोट केलं. "रजिस्टरं बघून लोक कंटाळले हो. काहीतरी मनाला भिडणारं टाका. आता हे बघा, आईच्या शेवटच्या वह्या. असं नुसतं लिहिलं तरी माणूस थांबतो."

"त्यांचं कटिंग नाही करायचं."

"कोण म्हणतंय करा? एक दोराभर घ्या, इंचाचा आठवा भाग. तिन्ही वह्या लहानमोठ्या आहेत, तसाही तुम्हाला त्रास होणार शिवताना."

वह्या लहानमोठ्या होत्या हे खरं. तिन्ही एकत्र शिवल्या की कड पायऱ्यांसारखी दिसणार, हेही खरं. खोटं एवढंच होतं, की त्यासाठी तो कापत होता. दुसऱ्या दिवशी बायको दोरा आणायला बाजारात गेली, आणि त्यानं वह्या सरळ करून मशीनमध्ये लावल्या. कागद दाबून धरणारी पट्टी आवळली. दोराभर फक्त. दांड्यावरचा फोन चालू केला आणि चाक फिरवलं. खस्स.

बघितलं, तर फोन एका बाजूला सरकलेला. निम्मं पातंच दिसत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग सोडून द्यायचं. पण कापून तर झालेलं होतं आणि हातात काहीच नव्हतं. त्यानं फोन सरळ केला, वह्या दोराभर पुढं सरकवल्या, पुन्हा चाक फिरवलं. नेमका त्या क्षणी बाहेर एका टेम्पोनं हॉर्न दिला आणि खस्स बुडालं. लोक तर त्या आवाजासाठीच बघतात. तिसऱ्यांदा त्यानं दार लावून घेतलं. तिसऱ्यांदा सगळं जमलं. उजेड, पातं, आवाज, सगळं जिथल्या तिथं. त्यानं आधी व्हिडिओ बघितला, दोनदा बघितला, समाधानानं मान हलवली. मग खाली वाकून कातरण उचललं.

त्या पट्ट्यांवर निळी शाई होती. कुठं अर्धा काना, कुठं वेलांटी, कुठं 'ता' होता आणि त्याच्यापुढचं काही नाही. दोरा दोरा करत अर्ध्या बोटाएवढा समास गेला होता. आई कडेपासूनच लिहायला सुरुवात करायची, म्हणजे प्रत्येक ओळीचं तोंडच कापलं गेलं होतं. बाइंडर तिथंच, कातरणात, खाली बसला.

बायको यायच्या आत त्यानं दिसेल ती पट्टी पिशवीत भरली. तिला काही बोलला नाही. व्हिडिओ टाकणार नाही असं त्यानं स्वतःला बजावलं, आणि दोन दिवस खरंच टाकला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळच्या व्हिडिओला चारशे माणसं आली. चारशे! मग त्याच्या मनानं त्याला समजवायला सुरुवात केली. कापलं गेलंय ते गेलंच आहे. व्हिडिओ न टाकल्यानं काय ते परत चिकटणार आहे? निदान वाया तरी जाऊ नये. संध्याकाळी काढून टाकू. ताई कुठं असलं बघते?

त्यानं टाकला. खाली लिहिलं, आईच्या शेवटच्या वह्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन लाख झाले.

दुपारी चारच्या सुमाराला ताई दारात उभी राहिली, कारखान्याचा एप्रन तसाच अंगावर. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या बाईनं तिला कौतुकानं दाखवलं होतं, बघ गं, तुझ्या भावाचं दुकान ना हे? ताई आयुष्यभर कपड्यांची शिवण आणि काठ तपासत आली. पात्याखालून निसटलेल्या पट्टीवरचं अक्षर तिला एका नजरेत ओळखू आलं.

"वह्या कुठं आहेत?" तिनं विचारलं.

त्यानं वह्या पुढं केल्या. तिनं पहिलं डावं पान उघडलं, दुसरं उघडलं, तिसरं. मग मिटून टेबलावर ठेवल्या. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं बायकोला वाटलं. बायकोला आत्ता, या क्षणी, सगळं कळत होतं आणि तिच्या हातातली सुई हवेत थांबली होती.

"तो काढून टाक," ताई म्हणाली.

"हो ताई. काढतो. चुकलंच माझं."

"आत्ता."

"हो, हो." त्यानं फोन उचलला. बोट ठेवायचं तेवढं बाकी होतं. नजर आकड्यावर गेली. तीन लाख चाळीस. त्याच्या डोळ्यांदेखत एक्केचाळीस झाले. आणि तोंडातून निघून गेलं, "संध्याकाळपर्यंत राहू दे ना गं. चढतोय अजून."

बोलल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. पण तोवर उशीर झाला होता. ताईनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं रस्त्यात वेड्यासारखं बोलणाऱ्या परक्या माणसाकडे आपण पाहतो. राग नव्हता तिच्या नजरेत, थोडी भीती होती. वह्या तिथंच टाकून ती निघून गेली.

त्यानं व्हिडिओ काढून टाकला. पाच मिनिटांत काढला. त्याचा काय उपयोग? "आता काढून कुणाला दाखवताय?" बायको म्हणाली, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा काम अर्धं सोडून घरी गेली.

त्या दिवशी बाइंडरनं फोन बायकोच्या कपाटात ठेवला आणि किल्ली तिच्याच हाती दिली. दांडा काढून मागच्या बाजूला टाकला. चष्मेवाल्याला सांगितलं, स्टूल तुझ्या दुकानात घेऊन जा. मग त्यानं ती पिशवी टेबलावर रिकामी केली आणि पट्ट्या लावायला बसला. तीन वेळच्या कापाच्या तीन तीन पट्ट्या, पावणेदोनशे पानं. कुठली कुठल्या पानाची? शाईचा रंग बघायचा, आखीव रेघ जुळवायची, कागदाची पिवळी झाक बघायची. जुळली की झिरझिरीत कागदाच्या चिंधीवर पातळ खळ लावून पाठीमागून जोडायची, वर वजन ठेवायचं, वाळेपर्यंत दुसरी शोधायची. दिवसाला आठ-नऊ पानं व्हायची. पहिले चार-पाच दिवस हात आपोआप खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. मग जायचा बंद झाला. बावीस दिवस त्यानं दुसरं काम घेतलं नाही. वकील चिडले, एकानं तर पुस्तकं परत नेली. जेवणाची त्याला चव लागायला लागली. बायकोशी तो बोलायला लागला, खळ पातळ झालीय का, बाहेर ऊन आहे का, असलंच. पण मान वर करून.

जोडता जोडता वाचलं जातंच. त्याला इलाज नव्हता. आईनं ताईला लिहिलं होतं, तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस, मला दिसतं. लिहिलं होतं, मला भीती वाटते, पण हे डॉक्टरला सांगू नको. आणि दुसऱ्या वहीच्या मधोमध, एका पानाचे तीन तुकडे जुळले तेव्हा त्याला दिसलं: धाकटा आला होता. तासभर फोन बघत बसला. मी दोनदा पान पुढं केलं, त्याचं लक्ष नव्हतं. त्याला बोलू नको. तो मनानं वाईट नाही.

पान त्यानं वजनाखाली ठेवलं. बायको समोरच होती, पण त्याला तिच्याकडे बघवेना. कडेचं माझं आहे, असं ताई म्हणाली होती. ते तिनं स्वतःसाठी नव्हतं जपलं. सात-आठ महिने ती हे गिळून बसली होती, आईनं सांगितलं म्हणून, आणि वर त्याच्याच हातात विश्वासानं वह्या दिल्या होत्या. तो ढसाढसा रडला. बायकोनं उठून पाणी आणून दिलं.

तेविसाव्या दिवशी शिलाई पूर्ण झाली. कड पायऱ्यापायऱ्यांचीच ठेवली होती. सात पानांच्या पट्ट्या सापडल्या नाहीत, तिथं त्यानं कोरा कागद जोडला होता. त्याच्या उभ्या हयातीत इतकं चांगलं काम झालं नव्हतं, हे तो शपथेवर सांगू शकला असता. दुपारी वही कापडात गुंडाळून तो ताईच्या घरी गेला. तीन जिने चढताना मनात शब्द जुळवत होता. ताई, मी वाचलं. आईनं माझ्याबद्दल लिहिलेलं वाचलं. एवढं बोलायचं, पुढं जे होईल ते होईल.

ताईनं दार उघडलं. त्यानं वही पुढं केली. तिनं ती लगेच घेतली नाही. आधी त्याच्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं, मग त्याच्या मागं, जिन्याकडे. मग तिनं केस कानामागं सारले, एप्रन सरळ केला आणि खिडकीतून उजेड येत होता तिकडे एक पाऊल सरकली.

"इथं उभी राहू?" तिनं विचारलं.

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो घाईनं म्हणाला, "ताई, नाही गं. फोन घरी आहे. आईशप्पथ, बावीस दिवस हात लावलेला नाही. हे बघ." त्यानं खिसे उलटे करून दाखवले, लहान पोरासारखे.

"असू दे, असू दे," ताई म्हणाली. खोटं बोलणाऱ्याला कानकोंडं करू नये म्हणून आपण म्हणतो, तसं. तिनं दोन्ही हातांनी वही घेतली, उघडून दोन पानं पाहिली, आणि स्वच्छ मोठ्या आवाजात म्हणाली, "फार सुंदर काम केलंस हो. आईला किती आनंद झाला असता."

हा आवाज त्याला माहीत होता. हॉस्पिटलात भेटायला येणाऱ्या माणसांशी ती या आवाजात बोलायची.

"ताई, मी वाचलं," तो म्हणाला. "आईनं माझ्याबद्दल..."

"मला कामावर जायचंय," ताई म्हणाली. "दुसरी पाळी आहे. ये पुन्हा कधी, निवांत." आणि तिनं दार लावून घेतलं, हळूच, कडीचा आवाजही न करता.

तो जिन्यात बसला. व्हिडिओ काढायला हवा होता, त्याच्या मनात आलं. बावीस दिवसांचा. त्या पट्ट्या, ती खळ, एकेक अक्षर जुळताना. मग ताईला दाखवता आला असता, बघ, खरं केलंय मी, तिनं विश्वास ठेवला असता. आणि तेवढ्यावर मन थांबलं नाही. पहिल्यांदा आधीचा तो काप दाखवायचा, मग हे जोडणं. तीन लाख तर कुठंच नाहीत. दहा झाले असते. तो दचकून उठला आणि भराभर जिने उतरला.

बायको दारातच वाट बघत होती. "काय म्हणाल्या ताई?"

"सुंदर झालंय म्हणाली." तो चपला काढत म्हणाला. मग त्यानं कपाटाच्या किल्लीसाठी हात पुढं केला.